पदवीनंतर माध्यमांत


पदवी मिळाली, आता पुढे काय?
माध्यमांची ओढ असेल, तर जरूर या.
पण आधी भाषा पक्की करा.

पत्रकार व्हायचंय?
पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये
विद्यापीठाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे.

आकाशवाणीवर बोलायचंय?
नैमित्तिक निवेदकांची आधी लेखी परीक्षा होते,
मग आवाजाची चाचणी.
तिथे उच्चार पाहतात,
आणि वाक्यात तुम्ही कुठे थांबता, तेही.

पुस्तकांत रमता?
मुद्रितशोधनापासून सुरुवात करा.
ऱ्हस्व-दीर्घ, नावं, सनावळी...
छपाईआधी पानावरून फिरणारी ती जबाबदार नजर!

कॅमेरा नंतरही शिकता येतो, संगणकही; भाषेला मात्र वेळ लागतो.
म्हणूनच पुन्हा सांगते,
आधी भाषा पक्की करा.

आजपासूनच
रोज एक बातमी मोठ्यानं वाचा,
आणि दहा ओळी स्वतः लिहा.
मनापासून शुभेच्छा!