उन्हाळी शिबिरातील सांघिक खेळ
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मुलांच्या उन्हाळी शिबिरात कोणते खेळ घ्यावेत, याविषयी चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आम्ही विद्वान नव्हे. शिक्षकी पेशात केस पांढरे केले आणि शहापूर-मुरबाडकडील शिबिरांतून मुलांबरोबर यथाशक्ति धावलो, एवढाच आमचा अधिकार.

शिबिरास निम्मी मुले गावची, निम्मी कल्याण-डोंबिवलीची. पहिल्या दिवशी दोन्ही घोळके एकमेकांपासून दूर उभे असतात. व्याख्यानाने ते जवळ येत नाहीत. खेळाने मात्र घटकाभरात येतात.

प्रथम व्यवस्थेचे सांगतो. मे महिन्याच्या उन्हात मैदानी खेळ सकाळी नवाच्या आत आणि सायंकाळी पाचनंतरच घ्यावेत. दुपारी आंब्याखाली सागरगोटे किंवा काचापाणी खेळावे. आपले मैदान म्हणजे कापणी झालेले भातखाचर. त्यातील धसकटे काढून भेगा मातीने बुजवाव्यात. लगोरीसाठी मुलांस दगड उचलू देऊ नयेत, कारण दगडाखाली विंचू असतो. कौलांचे तुकडे पुरतात. पाणी उडवण्याचे खेळ आपल्याकडे शोभत नाहीत. तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईस जाते, आणि शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

आता आमची एक चूक सांगतो. पूर्वी आम्ही दोन नायक नेमून आळीपाळीने गडी निवडावयास सांगत असू. एका शिबिरात शेवटी एक किरकोळ अंगाचा मुलगा उरला आणि दोन्ही नायक एकमेकांस म्हणू लागले, "हा तुलाच घे." आम्ही त्यास गुण लिहिण्याच्या कामावर बसविले, वाटले, सन्मान केला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. ती रिकामी जागा आम्हांस अद्याप दिसते.

तेव्हापासून आम्ही जुनी रीत धरली. सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडी करावी, बाजूस जाऊन गुपचूप नावे घ्यावीत आणि नायकांपुढे येऊन विचारावे, "आंबा घ्याल की फणस?" कोण आंबा, कोण फणस, हे नायकास ठाऊक नसते. त्यामुळे नकोसा म्हणून कोणी मागे उरत नाही.

खेळही असेच निवडावेत, की बाद झालेले मूल फार वेळ बाजूस बसून राहू नये. साखळीत जो पकडला जातो, तो हात धरून साखळीत सामील होतो. टोकाच्या दोघांनीच गडी पकडावा आणि साखळी तुटल्यास पकड धरू नये, एवढा नियम पुरे. विषामृतात विष मिळालेला गडी खाली बसतो आणि सवंगड्याच्या अमृताच्या स्पर्शाने उठून पुन्हा धावतो. हुतुतूत आपल्या पक्षाने प्रतिपक्षाचा गडी मारला, की आपला बाद गडी जिवंत होतो. खो-खोत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्यास मध्येच माघारी वळता येत नाही, म्हणून बसलेल्यास खो द्यावाच लागतो. ज्याची धाव थोडी, त्यासही नेमक्या क्षणी खो मिळाला तर तो गडी मारतो.

या खेळांस कमी लेखू नये. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला.

शेवटी थोडी मनातली गोष्ट. एके वर्षी सूरपारंब्यांचा डाव मांडला. तंगडीखालून काठी फेकली, राज्य असलेला मुलगा ती आणावयास धावला. पण शहरच्या मुलांस झाडावर चढताच येईना. कुंपणाबाहेर कातकरी वाडीतील चार मुले पाहत उभी होती, ती हसली. आम्ही त्यांस आत बोलाविले. त्यांनी फांदीवर पाय कसा रोवावा ते दाखविले आणि सायंकाळपर्यंत पंचवीस मुलांचा एकच मेळा झाला. जेवणाच्या वेळी एका कार्यकर्त्याने हळूच विचारले, "गुरुजी, यांची पाने कोठे मांडायची?" आम्ही उत्तर दिले नाही. त्या चौघांस घेऊन पंगतीच्या मध्यावर बसलो. वाढणारे क्षणभर थबकले, मग त्यांनी वाढले.

बंधु-भगिनींनो, तो प्रश्न आपल्या मंडळातच विचारला गेला, म्हणून त्याचे उत्तरही आपणच द्यावयास हवे. शिबिर ज्ञातीने भरवावे, खर्च ज्ञातीने करावा, पण कुंपणाचे फाटक शेजारच्या वाडीपाड्यांस उघडे असावे. खेळात आणि पंगतीत कोणीही शेवटी उरू नये. येत्या उन्हाळ्याच्या शिबिरापूर्वी कार्यकारी मंडळाने एवढा ठराव करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.