हातावरचे गोंदण आणि हातातले काम
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा हे भाषण न समजता ओट्याजवळच्या गप्पा समजून ऐकावे, ही विनंती.

मी विषय घेतला आहे गोंदणाचा. त्याला कारण आहे. आपल्या बालवाडीसाठी शिक्षिका नेमायची आहे आणि अर्ज केलेल्या मुलींपैकी एकीच्या मनगटावर टॅटू आहे. तिचे शिक्षण, अनुभव, बोलणे यांत कोणाला काही खटकले नाही. खटकला तो हात. “लहान मुलांपुढे असला हात शोभेल का?” असे दोघीतिघींनी विचारले. प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून त्याचा विचारही मनापासून व्हावा.

भगिनींनो, टॅटू हा शब्द नवा असेल, वस्तू नवी नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आज्यांच्या कपाळावर नि हनुवटीवर हिरवट ठिपके होते, हातावर तुळशीवृंदावन नाहीतर देवाचे नाव होते. गोंदणारीण दारी यायची, काजळी कालवून सुयांनी टोचायची. पोरी रडायच्या आणि मोठ्या बायका त्यांचे हात धरून बसायच्या. सोनेनाणे इथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी त्यांची समजूत होती. त्याच हातांनी आपल्याला न्हाऊमाखू घातले, घास भरवले. त्या गोंदणामुळे आपण काही बिघडलो नाही.

पण तोच हात पोटापाण्यासाठी घराबाहेर पडला की लोकांची नजर बदलते. माझ्या सासूबाईंनी एका कचेरीत पुष्कळ वर्षे चहापाण्याचे काम केले. त्यांच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. बाहेरचे बडे पाहुणे आले की त्यांना आत थांबायला सांगत आणि चहाचा ट्रे दुसऱ्या बाईच्या हाती देत. चहा सासूबाईंचाच, फक्त तोंड दुसऱ्याचे. पुढे त्यांना पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची सवयच लागली, ती घरीही सुटली नाही. आता तशाच कचेऱ्यांतून गोंदलेल्या हातांची मुले खुर्चीवर बसलेली दिसतात. म्हणजे गोंदण म्हटले की बाई गावंढळ आणि टॅटू म्हटले की मुलगी उनाड. बाईने करावे तरी काय?

जगात मात्र हे बदलू लागले आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी नावाचे मूळचे लोक आहेत. त्यांच्या स्त्रिया परंपरेने हनुवटीवर गोंदतात. तसे गोंदलेल्या ननाया महुता या बाई २०२० साली त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो पाहिला तेव्हा मला सासूबाईंचा पदर आठवला. त्याच देशाच्या एअर न्यूझीलंड या विमान कंपनीने २०१९ साली नोकरांना दिसणारे गोंदण ठेवण्याची मुभा दिली, आणि इंग्लंडच्या व्हर्जिन अटलांटिक कंपनीने २०२२ साली तिचाच कित्ता गिरवला. विमाने काही त्यामुळे खाली पडली नाहीत!

आपल्याकडेही सगळी दारे बंद नाहीत. सैन्यभरतीच्या नियमांत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर गोंदलेले चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. केंद्रीय पोलीस दलांचे नियम जास्त कडक आहेत. तिथे उजवा हात सलामाचा, म्हणून गोंदण डाव्या हातावर असावे लागते, आणि आकारही ठरलेल्या मर्यादेत असावा लागतो. म्हणून ज्यांच्या मुलामुलींना भरतीला जायचे आहे त्यांनी आधी भरतीची जाहिरात वाचावी, मग सुईपुढे हात करावा. नाहीतर वर्षभराची धावण्याची मेहनत डॉक्टरी तपासणीत वाया जायची.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुई नवी नसेल तर रक्तातून कावीळ किंवा एड्सचे जंतू अंगात जाऊ शकतात, म्हणून जत्रेत, रस्त्यावर गोंदून घेऊ नये. पुढे पुसायचे म्हटले तर लेसरच्या अनेक खेपा घालाव्या लागतात. खर्च होतो, दुखते आणि तरी कधी कधी खूण राहते. आज आवडलेले नाव उद्याही आवडेल का, हे मुलींना शांतपणे विचारावे. आणि हातावर कोणाच्या जातीधर्माचा अपमान किंवा अचकटविचकट काही लिहिले असेल, तर ते झाकायला सांगण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला असावा, असे मलाही वाटते.

पण या मुलीच्या मनगटावर आहे एक फुलपाखरू. मुले विचारतील, “बाई, हे काय?” ती सांगेल, “फुलपाखरू.” तेवढ्यावर गोष्ट संपेल, नाहीतर एखादे गाणे सुरू होईल. शिक्षिका निवडताना आपण पाहायचे ते वेगळेच. रडणारे पोर ती कडेवर घेते का? शेंबूड पुसताना तोंड वाकडे करते का? डबा न आणलेल्या मुलाकडे तिचे लक्ष जाते का? या गोष्टी मनगटावर लिहिलेल्या नसतात.

म्हणून माझी सूचना अशी, की नेमणुकीच्या वेळी अंगावरच्या गोंदणाचा विषय काढू नये आणि तसा ठराव मंडळाने करावा. ही मुलगी निवडावी असे मी म्हणत नाही. तिच्याहून चांगली शिकवणारी असेल तर तिलाच घ्यावे. मात्र हिला नाही म्हणायचे असेल तर कारण तिच्या कामातले असावे. बायकांच्या मंडळात तरी कोणा बाईला पदराखाली हनुवटी लपवावी लागू नये, एवढेच माझे मागणे आहे.