चौकी कुणाची, थैली कुणाची?

(गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. बोलताना राहून गेलेले एकदोन तपशील छपाईच्या वेळी भरले आहेत.)



विषय ऐकून दोघीतिघींनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं, कॅनडातल्या पोलिसांशी आपल्याला काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. मी कॅनडाला गेलेले नाही. चौकशी आयोगांचे अहवाल आणि कोर्टाचे निकाल वाचून बोलते आहे. पण आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल, आपण रस्त्यावर आलो त्याचं एक मोठं कारण पोलीस ठाणं हेच होतं. 1972 साली देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये आरोपींना सोडून दिलं, आणि त्यानंतर आपण जे लढलो त्यातून 1983 ची कायद्यातली दुरुस्ती आली. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. पोलीस बाहेरचे, बाई आदिवासी, तर मग पोलीस त्यांच्यातलेच असले तर? कॅनडात हा प्रयोग तीस वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे. तो कुठे अडला, ते सांगायचं आहे.

तिथल्या मूळच्या लोकांना आपल्या शाळेच्या पुस्तकात रेड इंडियन म्हटलेलं असायचं. ते स्वतःला फर्स्ट नेशन्स म्हणतात, म्हणजे आधीपासूनची राष्ट्रं. उत्तरेत इन्युइट आहेत, शिवाय मेटी आहेत. लाल डगलेवाले घोडेस्वार पोलीस आपण चित्रात पाहिलेले असतात. ते दल 1873 साली उभं राहिलं. पश्चिमेकडचा मुलूख ताब्यात ठेवणं हे त्याचं मोठं काम होतं, आणि पुढे आदिवासींची मुलं आईबापांकडून नेऊन सरकारी-मिशनरी वसतिशाळांत पोचवायला याच दलाचे शिपाई जात. उत्तर ब्रिटिश कोलंबियातल्या एका आदिवासी भाषेत पोलिसांसाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'आपल्याला घेऊन जाणारे' असा होतो. ह्यूमन राइट्स वॉचने 2013 साली तिथल्या बायकांशी बोलून अहवाल काढला, त्याला नावच ते दिलं.

घेऊन जाणारे, आणि वेळेला न येणारे. दोन्ही. 1971 मध्ये मॅनिटोबा प्रांतात हेलन बेटी ऑस्बोर्न नावाची एकोणीस वर्षांची क्री मुलगी शिकायला शहरगावात आली होती. चार गोऱ्या तरुणांनी तिला पळवून नेऊन मारलं. कोण होते ते गावात अनेकांना माहीत होतं. खटला उभा राहायला 1987 उजाडलं आणि शिक्षा एकालाच झाली. 2014 मध्ये पोलिसांनी स्वतःच मोजदाद केली. 1980 ते 2012 या काळात खून झालेल्या किंवा बेपत्ता असलेल्या आदिवासी बाया आणि मुली 1181 निघाल्या. तिथल्या एकूण स्त्रियांत आदिवासी स्त्रिया शंभरात चार, आणि खून झालेल्या स्त्रियांत शंभरात सोळा. ही पोलिसांची गणती, घरच्यांची याहून मोठी आहे.

तेव्हा आमचे पोलीस आम्हाला हवेत, ही मागणी काही सरकारला सुचलेली नाही. माँट्रियलजवळच्या कानावाके या मोहॉक वस्तीत 1979 साली प्रांताच्या पोलिसांनी एका माणसाला गोळी घालून मारलं. लोकांनी त्याच वर्षी आपले 'शांतिरक्षक' उभे केले. 1990 मध्ये ओका इथे गोल्फ मैदानासाठी मोहॉकांची जमीन घ्यायला निघाले, बंदुका समोरासमोर आल्या, सैन्य बोलवावं लागलं. पुढच्याच वर्षी, 1991 मध्ये, केंद्र सरकारने फर्स्ट नेशन्ससाठी पोलीस धोरण जाहीर केलं. आदिवासी समाज, प्रांत आणि केंद्र यांचा तिघांचा करार, खर्चातले 52 टक्के केंद्राचे, 48 प्रांताचे. काही ठिकाणी समाजाचं स्वतःचं दल, काही ठिकाणी त्याच जुन्या दलाचे पोलीस, फक्त त्या वस्तीसाठी राखलेले.

ऐकायला किती छान! आता मेख ऐका. याला सरकारने नाव दिलं 'कार्यक्रम'. आपल्यात ज्या संस्था चालवतात त्यांना हा शब्द लगेच कळेल. कार्यक्रम म्हणजे मुदतीचं अनुदान. मार्चअखेर आली की पोटात गोळा येतो. पुढचा करार होईल का, किती दिवसांचा होईल, पगार थांबतील का? शहरातल्या पोलीस ठाण्याला असा प्रश्न कधी पडलेला ऐकलाय? शहराचं ठाणं ही सेवा. आदिवासींचं ठाणं हा कार्यक्रम. माझं सगळं म्हणणं एवढ्या फरकाबद्दल आहे.

हा फरक कागदावर राहत नाही. जेम्स उपसागराच्या काठी कशेचवान नावाची वस्ती आहे, बारमाही रस्ता नाही, विमानाने जावं लागतं. तिथे आदिवासींच्याच दलाची कोठडी होती. 2006 च्या जानेवारीत आग लागली आणि आत बंद असलेली दोन माणसं मेली. आग विझवण्याची धड सोय त्या इमारतीत नव्हती. शहरातल्या कोठडीला जे नियम लागू होते ते इथे लागू नव्हते, कारण हे 'कार्यक्रमा'तलं दल! विमानाने जायच्या वस्त्यांत कित्येकदा एकटादुकटा पोलीस असतो. नवरा दारू पिऊन बंदूक घेऊन बसलाय, बाई पोरांना घेऊन शेजारी लपलीय, आणि मदतीला येणारा दुसरा पोलीस हवामान उघडलं तर विमानाने येणार. कमी पडलेल्या पैशाचा हिशोब शेवटी कुणाच्या अंगावर लिहिला जातो, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणखी एक प्रकार. ओंटारिओ प्रांतातल्या तीन आदिवासी पोलीस दलांचे करार 31 मार्च 2023 ला संपले. नव्या करारावर सही करायला त्यांनी नकार दिला, कारण अटी अशा होत्या : या पैशातून स्वतःची इमारत घ्यायची नाही, खास पथकं ठेवायची नाहीत, आणि सरकारशी वाटाघाट करताना वकील केला तर त्याचा खर्च दाखवायचा नाही. (ही शेवटची अट वाचून मी खरंच हसले. सासरच्यांनी सुनेला म्हणावं, भांड हवं तर, पण माहेरच्या कुणाला मधे घ्यायचं नाही!) सही नाही म्हटल्यावर पैसे बंद. चाळीसहून अधिक वस्त्यांची राखण करणारी दलं कर्जावर दिवस काढत होती. ती कोर्टात गेली आणि 30 जून 2023 ला फेडरल कोर्टाने पैसे सुरू करण्याचा तात्पुरता आदेश दिला.

दुसरा निकाल याहून मोलाचा. क्वेबेक प्रांतात सेंट जॉन सरोवराकाठी माश्तेउइयाश ही इन्नू लोकांची वस्ती आहे. त्यांचं दल कराराप्रमाणे चालत होतं, पण पैसे पुरत नव्हते. 2013 पासूनची तूट समाजाने आपल्या खिशातून भरली. दर वेळी सांगितलं, रक्कम वाढवा. दर वेळी उत्तर एकच, आहे त्यावर सही करा. सही नाही केली तर? प्रांताचे पोलीस परत येणार. म्हणजे नाही म्हणायची सोयच नव्हती. 27 नोव्हेंबर 2024 ला कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारने प्रामाणिकपणे वाटाघाट केली नाही, आणि आदिवासींशी वागताना राजसत्तेने जी इभ्रत राखायची तीही राखली नाही. क्वेबेक सरकारला सात लाख सदुसष्ट हजार डॉलरहून अधिक रक्कम भरायला लावली. त्याआधी 2022 मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणाने याच वस्तीच्या तक्रारीवर म्हटलं होतं की कार्यक्रमाची ही रचनाच भेदभावाची आहे. पैसा कमी देणं हाही भेदभाव असतो, हे कागदावर आलं. मला ते फार मोठं वाटतं.

यावर नेहमीचं उत्तर, तिजोरीत पैसा नाही. 2021 च्या अंदाजपत्रकात या कार्यक्रमासाठी पाच वर्षांत पन्नास कोटी डॉलरहून जास्त रकमेची तरतूद होती. 2024 च्या मार्चमध्ये तिथल्या महालेखापालांनी तपासणी केली, तर 2022-23 साली एक कोटी तीस लाख डॉलर वाटलेच गेले नव्हते, आणि पुढच्या वर्षीचे साडेचार कोटीहून अधिक पडून राहतील असा खात्याचाच अंदाज होता. कोणत्या समाजाला किती गरज आहे हे पाहून वाटण्याची पद्धतही नव्हती. प्रांत आपला वाटा द्यायला तयार असेल तिथे पैसा जायचा. एकीकडे मागणारे रांगेत, दुसरीकडे निधी शिल्लक. आपल्याकडच्या आदिवासी विभागाच्या कचेऱ्यांत खेटे घातलेल्या मैत्रिणी हसताहेत, मला दिसतंय.

आता अवघड भाग. आपले पोलीस आले की बाईला न्याय मिळतो का?

सस्कॅचेवान प्रांतात जेम्स स्मिथ क्री नेशन या वस्तीत 4 सप्टेंबर 2022 ला पहाटे एका माणसाने घराघरात शिरून सुरे चालवले. शेजारच्या गावातला एक धरून अकरा जण मेले. पोलीस ठाणं पंचेचाळीस किलोमीटरवर, पहिल्या फोननंतर अडतीस मिनिटांनी पोलीस पोचले. या माणसाने पूर्वी आपल्या बायकोलाही मारहाण केलेली होती. आदल्या दिवशी त्याच्या भावाबद्दल फोन गेला होता, पोलीस येऊनही गेले, पण त्यांनी त्या भावाला ओळखलं नाही. गावचा पोलीस असता तर चेहरा ओळखला असता, कोणत्या घरात दडला असेल हे त्याला ठाऊक असतं. वस्तीने त्यानंतर आपल्या पोलिसांची मागणी लावून धरली, ती मला पटते.

पण तोच गावचा पोलीस त्या माणसाचा मावसभाऊ असतो. पंचायतीच्या प्रमुखाचा पुतण्या असतो. बाईने तक्रार केली की संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला ठाऊक. 'आपल्या समाजाची बदनामी बाहेर कशाला' हे वाक्य इंग्रजीत असो की क्रीमध्ये, आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. म्हणून आपलं दल म्हटलं की माझ्यासारखीचे पाय जरा अडखळतात. मात्र याचं औषध पैसे कमी देणं हे नव्हे. तक्रार घ्यायला बाई पोलीस हवी, दलावर देखरेख करणाऱ्या मंडळात बाया हव्यात, दलाच्या बाहेरची तक्रार यंत्रणा हवी, बाईला रात्री राहायला निवारा हवा. या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो, आणि तो दर मार्चला संपणारा असून चालत नाही. सहा महिन्यांच्या करारावर कोण बाई घरदार सोडून तपास शिकायला जाईल?

बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रियांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल 3 जून 2019 ला आला. त्यात न्यायासाठी 231 मागण्या आहेत. त्यातल्या 5.4 क्रमांकाच्या मागणीत म्हटलंय की हा कार्यक्रम मोडून त्या जागी कायदा आणि निधीची नवी व्यवस्था आणा, आदिवासींचं पोलीस काम हे वरून सोपवलेलं काम न राहता त्यांच्या स्वशासनाचा भाग होऊ द्या. मेलेल्या मुलींच्या आया-बहिणींनी साक्षी दिल्या, त्यातून ही मागणी निघाली आहे. ज्यांना पोलिसांनी सर्वात जास्त दुखावलं, त्या पोलीस नकोत म्हणाल्या नाहीत. आमचे द्या, आणि पुरते द्या, म्हणाल्या. सरकारने 2020 मध्ये ही अत्यावश्यक सेवा ठरवणारा कायदा आणण्याचं कबूल केलं. 2024 संपलं तरी तो झालेला नव्हता.

मला चिठ्ठी आली आहे, वेळ संपली. पाड्यांवर काम करणाऱ्या दोघी मागे बसल्या आहेत. ठाण्यात तक्रार लिहून घेताना बाईची भाषा कुणाला समजते, हे त्यांनी सांगावं. मी खाली बसून ऐकते.