सान्रिकूचा किनारा आणि सायकलीचा प्रवासी

जपानांतील होन्शू बेटाच्या ईशान्य किनाऱ्यास सान्रिकू असें म्हणतात. डोंगराच्या सोंडा थेट समुद्रांत उतरलेल्या आणि त्यांच्यामधून चिंचोळ्या खाड्या आंत शिरलेल्या, अशी त्याची करवतीच्या दांत्यांसारखी रचना आहे. तंबू व बिछाना सायकलीवर लादून निघालेल्या प्रवाशाचा सारा दिवस येथें चढ-उतारांतच जातो. एक खिंड चढून कोळ्यांच्या गांवीं उतरावें, तों दुसरी पुढें उभीच! वाहनें आपल्याकडल्याप्रमाणें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, एवढाच काय तो दिलासा.

सायंकाळीं पाय थकले म्हणजे खाडीच्या आंतल्या टोकाची सपाट जागा मन ओढून घेते. ओढ्याचें गोडें पाणी, वाऱ्याला आडोसा, मऊ जमीन. तंबूस आणखी काय हवें? परंतु सन १८९६, १९३३ व २०११ अशा तीन वेळां भूकंपामागून आलेल्या त्सुनामी लाटांनीं असलींच स्थळें धुऊन नेलीं. १८९६ सालीं सुमारें २२,००० माणसें मृत्यु पावलीं. अरुंद होत जाणाऱ्या खाडींत पाणी कोंडतें आणि म्हणूनच तें फार उंच चढतें.

तारो गांवानें समुद्रसपाटीपासून सुमारें १० मीटर उंचीची भिंत बांधली होती. ११ मार्च २०११ रोजीं लाट तीवरून पलीकडे गेली. त्याच मियाको शहराच्या हद्दींत आनेयोशी नांवाची लहानशी वस्ती आहे. १९३३ च्या आपत्तीनंतर तेथें एक शिला उभारली गेली. तिच्या खालीं घर बांधूं नये, असा तीवरील लेखाचा आशय. लोकांनीं तो पाळला. २०११ सालीं लाट शिलेच्या खालींच थांबली आणि वस्तींतील घरें वांचलीं.

किनाऱ्याच्या हमरस्त्यावरहि पूर्वीचें पाणी कोठून कोठवर आलें होतें, हें दाखविणाऱ्या पाट्या आहेत. उतारावर पहिली पाटी लागते, पुढच्या चढावर दुसरी. ही दुसरी पाटी ओलांडल्यावांचून प्रवाशानें मुक्काम करूं नये. आणि जागाहि नेमलेल्या तळावर किंवा गांवकऱ्यांस विचारूनच घ्यावी. रात्रीं धरणीकंप जाणवल्यास सायकल, सामान, सर्व कांहीं तेथेंच टाकून उंचावर जावें. थकलेल्या पायांना तो शेवटचा चढ नकोसा वाटतो खरा. पण निश्चिंत झोंप त्याच्या माथ्यावरच मिळते.