यंत्र बिघडवायची मुभा

आदरणीय गुरुजन आणि पुन्हा एकदा बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

मला संगणकावर बोलायला सांगितलंय, पण सुरुवात रसायनशास्त्रातल्या एका यंत्रापासून करते. आपली मुलं जळगाव, धुळे, शिरपूरला एमएस्सी, फार्मसी करतात. औषध कंपनीत मुलाखतीला गेली की हमखास विचारतात, 'एचपीएलसी चालवलंय का?' पाहिलेलं असतं, चालवलेलं नसतं. यात कॉलेजचा दोष काढू नका. यंत्र लाखांचं, एका नमुन्याला दहा-पंधरा मिनिटं, आणि मुलं साठ. 1990 साली जळगावला विद्यापीठ झालं (आता ते बहिणाबाईंच्या नावानं आहे) आणि पुण्याच्या फेऱ्या संपल्या. यंत्रापुढची रांग संपली नाही.

यंत्राचं काम तसं सोपं. पंप द्रावण ढकलतो, ते बारीक भुकटी ठासून भरलेल्या पोलादी नळीतून, म्हणजे कॉलममधून जातं. चहाचा नमुना घातला तर त्यातले घटक तिथे कमीजास्त रेंगाळतात. कॅफिन बाहेर पडताना अतिनील प्रकाश शोषतं आणि पडद्यावर शिखर उमटतं. हे सगळं समीकरणांनी संगणकावर उभं करता येतं. केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज'मध्ये असे कितीतरी प्रयोग घरबसल्या करता येतात.

माझी तक्रार एवढीच, की अशी बरीच सॉफ्टवेअरं फार शहाणी असतात. चुकीचं बटण दाबूच देत नाहीत, शिखर दरवेळी देखणं! खरं यंत्र असं वागत नाही. फॉस्फेट बफर वाहत असताना ॲसिटोनायट्राइल एकदम नव्वद टक्क्यांवर नेलं, तर बफरमधला क्षार विरघळेनासा होतो, कण अडकतात, दाब चढतो, कॉलम तुंबतो. प्रयोगशाळेत असं झालं तर हजारोंचा कॉलम गेला, वर सरांचा ओरडा. म्हणून तर मुलांना हात लावू देत नाहीत. पडद्यावर मात्र हे खुशाल करू द्यावं. दाब चढताना दिसू द्यावा, पंपात हवेचा बुडबुडा सोडावा आणि विचारावं, सांग, काय बिघडलंय? निर्दोष यंत्राचा प्रोग्रॅम लिहिणं सोपं. बिघडणाऱ्याचा लिहिताना आम्हाला घाम फुटतो.

नट किती आवळायचा हे हाताला पडद्यावर कळणार नाही. त्यासाठी खरं यंत्र हवंच. पण निदान तिथे मिळालेली पंधरा मिनिटं बटणं ओळखण्यात जाणार नाहीत.

आपल्यातले काही जण औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत आहेत. कंपनीची गुपितं नकोत, पण तुम्ही पाहिलेलं वाकडंतिकडं शिखर आणि त्याचं कारण तेवढं कागदावर काढून द्या. भरीत-पुरीच्या पंगतीत मी वही घेऊनच बसणार आहे.