ओढकाम आणि गिअरबॉक्सचं तेल

मे महिन्यात दिल्लीच्या सरोजिनी नगरात पारा ४० अंश ओलांडतो. तिथल्या गर्दीतून टोयोटा हायलक्ससारखा ऑटोमॅटिक पिकअप ट्रेलर ओढत निघाला, की खरा ताण पडतो गिअरबॉक्सच्या तेलावर. इथे नेहमीच्या क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाची ताकद, विशेषतः कमी वेगात, तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. ओझ्यासह हळू चालताना ते घुसळून तापतं, लवकर खराब होतं. नवं तेल बहुधा लाल असतं. ते काळपट दिसलं, जळका वास आला, तर मेकॅनिककडे जाच. कंपनीने जड वापरासाठी दिलेली मुदत पाळा, सांगितलेलंच तेल भरा. आणि गाडी बंद पडली, तर इंजिनाने फिरणारी चाकं जमिनीवर ठेवून तिला ओढू देऊ नका: इंजिन बंद असताना तेलाचा पंपही बंद असतो.