काटा पुढे सरकला तेव्हा

माझ्या लहानपणी रेल्वे स्टेशनवर वजनाचं एक यंत्र असायचं. लाल-हिरवे दिवे, आत फिरणारी चकती आणि नाणं टाकलं की खडखड करत बाहेर पडणारं जाड तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भावंडं भविष्य आधी वाचायचो, वजनाकडे कुणी बघायचंही नाही. मोठेपणी माझं उलटं झालं. वजनालाच मी भविष्य समजू लागले, आणि त्यापायी गेल्या वर्षी एक चांगली गोष्ट माझ्या हातून सुटता सुटता राहिली.

सुरुवात आईपासून झाली. वयाच्या ८२ व्या वर्षी ती पाटावरून उठताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण आई पुन्हा आधाराशिवाय उभी राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, "हाड आम्ही जोडलं हो, पण मांड्यांत उठण्याइतका जोरच उरलेला नाही." दोन वर्षांनी ती गेली. तिच्या दिवसकार्यात मी खाली बसले होते. उठताना मीही एक हात जमिनीला आणि दुसरा भिंतीला लावला. मी तेव्हा ६१ वर्षांची. रोज पाऊण तास फिरायला जाणारी, त्यामुळे आपलं सगळं ठीक आहे अशा समजुतीत असलेली.

चालणं चांगलंच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात चालण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर लावणारा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीनंतर तोलाचे व ताकदीचे व्यायाम तीन दिवस. तेव्हा डॉक्टरांना विचारून मी आणि माझी एक जुनी मैत्रीण कॉलनीजवळच्या जिममध्ये दाखल झालो. शिकवणारा मुलगा आमच्या मुलांपेक्षाही लहान. "काकू, हात न लावता खुर्चीवरून उठा, सावकाश बसा. असं दहा वेळा." मग दोन-दोन किलोचे डंबेल. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या अशा बोलत होत्या, की आम्ही दोघी कठड्याला धरून हसत सुटलो.

अठराव्या दिवशी मी वजनकाट्यावर उभी राहिले. सुरुवातीला ६८.४ किलो होतं, आता ७०.१. काटा बिघडला असेल म्हणून तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवून पाहिली. काटा बरोबर होता! मैत्रिणीचंही सव्वा किलो वाढलं होतं. ती म्हणाली, "पैसे देऊन जाडच व्हायचं असेल तर मी घरी बसून श्रीखंड खाईन." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मीही सोडणारच होते. फक्त रविवारी भाची आली, ती फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून तिच्यापाशी तक्रार केली.

तिने आधी हिशेब मांडला. "मावशी, एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. तुझं वजन १.७ किलोनं वाढलंय. ती सगळी चरबी असती तर अठरा दिवस रोज सातशेच्या वर कॅलरी जास्त पोटात जायला हव्या होत्या. म्हणजे नेहमीच्या जेवणावर रोज सहा-सात पोळ्या. खाल्ल्यास?" मी नाही म्हटलं. (संध्याकाळी 'आज व्यायाम झालाय' म्हणून एक लाडू जास्त जात होता, ते मात्र कबूल केलं.) "मग तो स्नायू वाढला म्हणायचा का?" मी आशेनं विचारलं. "इतक्या लवकर इतका नाही गं. ते बहुतेक पाणी आहे."

झालं होतं ते असं. सवय नसलेल्या स्नायूवर भार पडला की त्याच्या तंतूंना अगदी बारीक इजा होते. ती दुरुस्त करायला शरीर तिथे द्रव पाठवतं, थोडी सूज येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे ठणकतं ते त्या काळातलंच. शिवाय कामाला लागलेला स्नायू आपल्यापाशी जास्त साखर साठवू लागतो. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. रात्री साबुदाणा भिजत घातला की सकाळी पातेलं जड लागतं ना, तसंच काहीसं. शंभर-दीडशे ग्रॅमचा साठा वाढला तरी पाण्यासकट अर्धा किलो सहज भरतो. त्यातून आदल्या रात्री पापड-लोणचं झालेलं असलं, की मीठही आपल्या वाट्याचं पाणी धरून ठेवतं. शरीर रुळलं की सूज ओसरते. त्याला काही आठवडे लागतात, आणि नेमके त्याच आठवड्यांत माणसं जिम सोडतात.

मग ताकद? ती मात्र लवकर येते, कारण सुरुवातीला मज्जासंस्था शिकत असते. आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकते. १९९० साली बोस्टनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना पायांसाठी वजनं उचलायला लावली. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू मात्र नऊ टक्क्यांनी. हे आकडे ऐकल्यावर मला आईची फार आठवण झाली. ८२ हे काही उशिराचं वय नव्हतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

भाचीनं रोज वजन करायला मनाई केली. आठवड्यातून एकदाच, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. आणि शिवणाच्या डब्यातली टेप काढून बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर मोजायचा. आपल्याकडच्या बायकांनी तो ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, पुरुषांनी ९०, असं डॉक्टर सांगतात. माझा ९४ निघाला. तिनं बजावलंही, की पावलांवर सूज, धाप किंवा व्यायामानंतर चहासारखी गडद लघवी झाली तर 'पाणीच असेल' म्हणून घरी बसू नकोस, लगेच डॉक्टरांकडे जा. आणि दोन-तीन महिन्यांनंतरही काटा चढतच राहिला तर लाडवांचा हिशेब कर.

लाडू बंद केला. सहाव्या आठवड्यात ६९.२ झालं, बाराव्यात ६८.१. म्हणजे तीन महिन्यांत जेमतेम तीनशे ग्रॅम कमी! काट्याला विचारलं असतं तर सारा खटाटोप फुकट गेला. पण घेर ९० वर आला होता, आणि गौरीच्या जेवणात वाढपाची पंगत आटोपल्यावर मी खाली बसून जेवले आणि हात न टेकता उठले. जाऊबाईंच्या ते लक्षात आलं. मी काही बोलले नाही, पण पुन्हा एकदा बसून उठले.

माझी मैत्रीण हा कार्यक्रम न चुकता ऐकते. तिला मी हे सगळं दोनदा समजावलं, पण माझं तिला कधीच पटत नाही, रेडिओवरचं पटतं. तेव्हा बाईसाहेब, उद्या सकाळी साडेसहाला मी तुमच्या फाटकापाशी उभी आहे. वजनकाटा घरीच राहू दे.